आक्कांनी दाबलेलं हिरवं बटण

आक्कांनी स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना वाटलं, शेजारी कोणीतरी भांडतंय. भांडणाचा आवाज आला की आक्का हातातलं काम खाली ठेवून ऐकत. त्यात लपवायचं काय? फुकटचं ज्ञान दारी चालून आल्यावर तोंड फिरवणारा माणूस आक्कांना आजवर भेटला नव्हता. पण नीट कान दिला तर आवाज भिंतीपलीकडचा नव्हता. सूनबाईच्या लॅपटॉपमधून येत होता. कोणी बाई कडाकडा ओरडत होती, "गेलं! पुन्हा उतू गेलं दूध! या घरात डोळे काय मला एकटीलाच दिलेत?"

"कोण गं ही बया?" आक्का म्हणाल्या. "किती कजाग आवाज! कुणाच्या घरातली आहे?"

सून बोटाने टेबलावरची न पडलेली धूळ झटकू लागली. मुलाने वर्तमानपत्र नाकापासून कपाळापर्यंत वर केलं.

"अगं, विचारतेय मी. हिच्या घरातली माणसं जिवंत आहेत का?"

"आई," सून हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीच आहात त्या."

आक्का मट्‌कन खाली बसल्या. नशीब, खाली खुर्ची होती.

आता हा आवाज लॅपटॉपात गेला कसा, हे सांगायला हवं. सूनबाई कॉम्प्युटरची मास्टर्स करत होती, आणि तीसुद्धा संशोधनाची. साधी मास्टर्स वेगळी. तिच्यात वर्गात बसायचं, परीक्षा द्यायची आणि सुटायचं. संशोधनाच्या मास्टर्समध्ये प्रश्न आपणच काढायचा, उत्तर आपणच शोधायचं, आणि उत्तर सापडलं नाही तर नापासही आपणच व्हायचं. असला आतबट्ट्याचा व्यवहार आक्कांनी जन्मात ऐकला नव्हता. सूनबाईने त्यासाठी चांगली नोकरी बाजूला ठेवून दोन वर्षं घातली होती, आणि या वर्षी प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती.

तिचा प्रश्न असा, की माणूस रागावलाय की नाही हे मशीनला नुसत्या आवाजावरून कळेल का? दवाखान्याच्या फोनवर दिवसाला शेकडो माणसं बोलतात. त्यातलं कोण घायकुतीला आलंय हे मशीनने आधी ओळखलं तर त्याचा फोन आधी घेता येईल. विचार चांगला होता, आक्कांनाही पटला. पण आजवरची मशीनं म्हणे नटांचे आवाज ऐकून शिकलेली. आता नट रागावतो तो छाती पुढे काढून, श्वास रोखून, चार ओळी पाठ करून. घरात रागावणाऱ्या माणसाला एवढी सवड कुठली? तो हातात झाडू असतानाच रागावतो. म्हणून सूनबाईला खऱ्या घरातले खरे आवाज हवे होते. तिने चारपाच घरी विचारून पाहिलं. सगळे म्हणाले, आमच्याकडे कोणी रागावतच नाही. एका घरातून तर हे वाक्य तिघांनी एकदमच ओरडून सांगितलं.

शेवटी ती आक्कांपाशी आली आणि म्हणाली, "आई, हे तुमच्याशिवाय कोणालाच जमायचं नाही."

खरं सांगायचं तर आक्कांना या वाक्यानेच मारलं. आक्का शाळेला चौथीत राम राम ठोकून आलेल्या. छापील अक्षर त्यांना एकेक जोडून वाचावं लागे. पण आवाजाचं म्हणाल, तर दारावरच्या थापेवरून पाहुणा किती दिवस राहणार हे त्या आतूनच सांगत. असं माणूस घरात असताना लोक मोठमोठ्या शाळा कशाला काढतात, हे त्यांना कोडंच होतं. आज पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या कानाला कान म्हटलं होतं.

"काय करायचं असतं मला?" आक्कांनी जरा मागे टेकून विचारलं.

काम तसं किरकोळ होतं. स्वयंपाकघरात एक आणि बैठकीत एक अशी दोन छोटी यंत्रं तीन महिने बोलणं टिपून घेणार. मग त्या बोलण्याचे पाच-पाच सेकंदांचे चार हजार तुकडे होणार. आक्कांनी एकेक तुकडा ऐकायचा आणि बटण दाबायचं. राग असेल तर लाल, प्रेम असेल तर हिरवं, आणि नुसतंच "गॅस बंद केला का" असेल तर पांढरं. वाचायचं काही नाही, लिहायचं काही नाही.

पण लिहायचं नाही असं सरकारदरबारी आणि कॉलेजात कधी झालंय? आवाज टिपायचे म्हणजे नैतिकता समितीची परवानगी लागते. तिचा फॉर्म अकरा पानांचा. घरातल्या प्रत्येकाची संमती हवी, आणि भिंतीपलीकडून ज्यांचा आवाज आत येतो त्यांचीही.

भिंतीपलीकडे फाईलकाकू राहत. तीस वर्षं एका कचेरीत फायली सांभाळून निवृत्त झालेल्या, म्हणून हे नाव. नाव आक्कांनीच ठेवलं होतं आणि ते काकूंना आवडत होतं, हीच त्यातली पंचाईत. काकूंनी फॉर्म चष्मा बदलून-बदलून वाचला.

"आक्का, सही करू नका."

"का हो?"

"सही करण्याआधी प्रत काढा. प्रत काढण्याआधी नोंद करा. आणि नोंद झाल्यावर आठवडाभर थांबा. कागद थोडा मुरला पाहिजे."

आक्का असल्या मुरण्याला भीक घालणाऱ्या नव्हत्या. सूनबाई कॉलेजातून यायच्या आत आपण काम उरकून ठेवावं म्हणून त्यांनी पेन घेतलं आणि जिथे जिथे रिकामी रेघ दिसली तिथे तिथे सही ठोकून दिली. सही त्यांना सुरेख येत असे. संध्याकाळी सूनबाईने पाहिलं तर आक्कांनी सहभागी व्यक्ती म्हणून सही केली होती, संशोधक म्हणून केली होती, साक्षीदार म्हणून केली होती आणि समितीच्या अध्यक्षांच्या जागीही केली होती. त्याखाली तारीखही घातली होती.

तो फॉर्म परत आला. दुसरा दिला तोही परत आला, कारण पहिल्या फॉर्मवर अध्यक्षांनी मंजुरी दिलेली असताना दुसरा अर्ज कसा, असा कारकुनाने शेरा मारला होता. यात सहा आठवडे गेले. आणि मग समितीने आक्कांनाच बोलावून घेतलं.

समितीच्या बाई मोठ्या गोड होत्या. त्यांनी सूनबाईला बाहेर बसवलं, दार लावून घेतलं, आक्कांपुढे पाण्याचा पेला सरकवला आणि खाली वाकून म्हणाल्या, "मावशी, इथे तुम्ही सुरक्षित आहात. अगदी मोकळेपणाने सांगा. तुमच्या सुनेने तुमच्यावर दबाव आणला का? काही धाक वगैरे?"

आक्कांच्या हातातला पेला तसाच राहिला. बारा वर्षं जिच्या नजरेने घर चालतं, जिच्या पावलाच्या आवाजाने मुलगा वर्तमानपत्राची घडी करतो, तिला कोणीतरी विचारत होतं की सून धाक घालते का! रस्त्यात कोणी थोबाडीत मारली असती तर आक्कांनी परत मारली असती. पण या अपमानाला उलट मारायलाही जागा नव्हती, समोर बाई इतकी कळवळून पाहत होती.

"हे बघा," आक्का शक्य तेवढ्या संयमाने म्हणाल्या, "आमच्या घरात धाक आहे. भरपूर आहे. पण तो कोणाचा, हे तुमच्या कागदात कुठे विचारलेलंच नाही!"

बाईंनी काहीतरी बराच वेळ लिहिलं. परवानगी मिळाली. फाईलकाकूंनीही संमती दिली, पण एका अटीवर, की त्यांच्या संमतीला जावक क्रमांक मिळावा.

मग तीन महिने यंत्रं टिपत राहिली. पहिले दोन दिवस आक्का इतकं शुद्ध आणि सावकाश बोलल्या की मुलाने त्यांना बरं नाही का म्हणून विचारलं. तिसऱ्या दिवशी त्या यंत्रं विसरल्या. चौथ्या दिवशी दूध उतू गेलं.

तोच तो दुधाचा तुकडा, जो ऐकून आक्का खुर्चीत बसल्या होत्या.

"मी अशी बोलते?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"यंत्रात जरा मोठा येतो आवाज, आई," सून म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिला तिथे थांबायची परवानगीच नव्हती. कोणत्या तुकड्याला कोणत्या रंगाची खूण केली हे संशोधकाने आधी पाहायचं नाही, नाहीतर पक्षपात होतो, असा नियम होता. नियम चांगला. त्या नियमानेच पुढे सगळा घात केला.

आक्का लॅपटॉपपुढे एकट्या उरल्या. समोर तीन बटणं. त्यांनी तुकडा पुन्हा लावला. बाई पुन्हा कडाडली. बोट आपसूक लालकडे गेलं आणि मध्येच थांबलं.

आता विचार करा, दूध उतू गेलं म्हणून माणूस ओरडतं कशासाठी? घरातल्यांना दूध मिळावं म्हणूनच ना? मग त्याला राग कसं म्हणायचं? ती काळजी झाली. आणि काळजीचं बटण इथे दिलेलं नव्हतं, म्हणजे त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे प्रेम. आक्कांनी हिरवं दाबलं. पुढचा तुकडा ओल्या टॉवेलचा. गादीवर ओला टॉवेल टाकला म्हणून मुलाचा उद्धार केला होता. ओल्या गादीने सर्दी होते. हिरवं. त्यापुढे, सुनेने खिडकी उघडी ठेवली म्हणून. धुळीने तिलाच खोकला होतो. हिरवं. एकदा रस्ता सापडल्यावर आक्का सुसाट निघाल्या. त्यांचे स्वतःचे एकोणीसशे बारा तुकडे होते. दोन आठवड्यांत त्यांनी त्यातले अठराशे हिरवेगार करून टाकले.

मुलाचं फारसं काम नव्हतं. चार हजारांत त्याचे अडतीस तुकडे निघाले, त्यातले तीस नुसते खोकल्याचे.

राहिली सून. तिचा आवाज मऊ, लोण्यासारखा. "हो आई." "बरं आई." "तुम्ही म्हणाल तसं आई." फाईलकाकूंसारख्या बाईने हे ऐकलं असतं तर म्हणाली असती, काय गुणाची पोर! पण आक्कांनी स्वतः एकवीस वर्षं सासूच्या हाताखाली काढली होती. त्याही अगदी असंच, इतक्याच मऊपणाने "हो" म्हणायच्या, आणि तेव्हा पोटात काय शिजत असे ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्याच्या तुकड्यावर आक्का लबाडी करणाऱ्या नव्हत्या. मान डोलवत त्यांनी सुनेच्या "हो आई"वर लाल दाबलं. सगळ्यांवर नाही. सुमारे चारशेंवर. उरलेल्यांना त्यांनी संशयाचा फायदा दिला.

एक खबरदारी म्हणून थोडे तुकडे दुसऱ्या माणसाकडूनही तपासून घ्यायचे असतात. ते काम फाईलकाकूंना दिलं. काकूंनी सगळ्यांवर पांढरं दाबलं, कारण दप्तरात भावना नोंदवायची पद्धत नाही. दोघींचं शंभरात अकरा वेळा जुळलं. सूनबाईची गाईडबाई, एक अतिशय हळू बोलणारी, हळू चालणारी प्राध्यापिका, तो आकडा बघून म्हणाली, "निदान सासूबाईंना घर माहीत आहे. आपण त्यांच्याच खुणा धरू."

मशीन शिकायला बसलं. चार दिवस लॅपटॉप घोंघावत होता, त्यावर पापड वाळले असते इतका तापला. पाचव्या दिवशी सूनबाई धावत आली. "आई, चौऱ्याण्णव टक्के!"

"कसले?"

"शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा मशीनचं उत्तर तुमच्या उत्तराशी जुळलं."

"उरलेल्या सहा वेळा त्याला काय झालं होतं?" आक्कांनी विचारलं. पण आतून त्या फुलल्या. चौथीतून उठवलेल्या बाईकडून मशीन शिकतंय, आणि शंभरात चौऱ्याण्णव वेळा मुकाट्याने तिच्या म्हणण्याला मान डोलवतंय. इतकं आज्ञाधारक तर पोटचं पोरही निघालं नव्हतं.

महिनाअखेरीच्या आढावा समितीपुढे सूनबाईला मशीन चालवून दाखवायचं होतं. आक्कांना खास बोलावणं होतं. त्या ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी फाईलकाकू, सगळ्या फॉर्मांच्या प्रती पोटाशी धरून.

विभागप्रमुख आले ते तावातावानेच आले. त्यांना म्हणे कोणाचंच संशोधन आवडत नसे, ही त्यांची ख्याती होती. सूनबाईने मशीन सुरू केलं. मागच्या मोठ्या पडद्यावर तीन रंगांच्या पट्ट्या दिसू लागल्या. ती तोंड उघडणार, एवढ्यात प्रमुख गरजले, "आधी मला सांगा, आठ दिवस आधी अहवाल द्यायचा हे तुम्हाला माहीत नव्हतं? दोन वर्षं काय झोपा काढल्यात?"

पडद्यावर हिरवी पट्टी सरसर वर चढली. "प्रेम, अठ्ठ्याण्णव टक्के."

खोलीत कोणी हसलं नाही, ही वाईट खूण होती. सगळे नुसते पडद्याकडे आणि प्रमुखांकडे आळीपाळीने बघू लागले. प्रमुखांचे कान तांबडे झाले.

"हा काय चावटपणा आहे!" ते म्हणाले.

"प्रेम, नव्याण्णव टक्के."

गाईडबाई घाईने पुढे झाली. सूनबाईच्या पाठीवर हात ठेवून ती हळुवार म्हणाली, "घाबरू नकोस हं. पुन्हा सुरू करून बघ."

पडदा लालभडक झाला. "राग, सत्त्याण्णव टक्के."

सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आक्कांच्या मात्र एका क्षणात सगळं लक्षात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपल्याला थोडं कमी कळत असतं तर बरं झालं असतं. मशीनचं काही चुकलेलं नव्हतं. मशीन शहाणं होतं. त्याला घरातून जे वळण लागलं तसं ते वागत होतं.

पुढची पंधरा मिनिटं चौकशीत गेली. खुणांची यादी पडद्यावर आली. प्रमुखांनी चष्मा पुसून वाचलं. "'डोकं आहे की खोकं, सतरा वेळा सांगितलं', याच्यापुढे प्रेम लिहिलंय. 'हो आई', याच्यापुढे राग लिहिलंय. हे कोणी केलं?"

आक्का उभ्या राहिल्या. पळून जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"मी केलं."

सूनबाई त्यांच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते आक्कांना कुठल्याच बटणात बसवता येईना. "आई," ती कशीबशी म्हणाली, "माझं 'हो आई'... लाल केलंत तुम्ही?"

"मग काय हिरवं करू?" आक्का म्हणाल्या. म्हणाल्या आणि त्यांनाच वाटलं, हे आपण घरी बोललो असतो तर बरं.

समितीने आत जाऊन निर्णय घेतला. ज्याचा आवाज त्यानेच सांगायचं की त्या क्षणी मनात काय होतं. सासूने सासूचे तुकडे तपासायचे, सुनेने सुनेचे. वेगवेगळ्या खोलीत, एकमेकींना न विचारता, दहा दिवसांत. ते जुळवून मशीन पुन्हा शिकवायचं. नाहीतर पुढचा महिना संपताच नोंदणी रद्द.

घरी येताना फाईलकाकूंनी कानात सांगितलं, "आक्का, डगमगू नका. दप्तरात एकदा लिहिलेलं बदलायचं नसतं. खाडाखोड दिसते. तुम्ही आपलं पुन्हा सगळं हिरवंच करा. ठाम माणसापुढे समितीसुद्धा नमते."

सल्ला आक्कांच्या मनासारखा होता. म्हणूनच त्यांना तो खुपला. आयुष्यात काकूंचा सल्ला पटायची ही पहिलीच वेळ होती, आणि हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बैठकीत लॅपटॉपपुढे बसल्या. आतल्या खोलीचं दार लावून सूनबाई बसली. मुलगा मधल्या दारात घुटमळला. त्याने वर्तमानपत्र घेतलेलं नव्हतं, हेच मोठं होतं.

"आई," तो म्हणाला, "तिची दोन वर्षं आहेत गं त्यात."

एवढंच. चार हजार तुकड्यांत त्याचं असं एकही वाक्य नव्हतं.

आक्कांनी दुधाचा तुकडा लावला. बाई कडाडली. या वेळी आक्कांनी डोळे मिटून घेतले आणि तो दिवस आठवला. दूध थोडंसंच गेलं होतं, वाटीभर. ओट्यावर सूनबाईने आधीच फडकं ठेवलं होतं. खरं म्हणजे दुधाचा काही संबंधच नव्हता. त्या दिवशी सकाळी मुलगा आणि सून कशावर तरी हसत होते आणि आक्का आत आल्यावर दोघं गप्प झाले होते. बस्स. तेवढ्यावर दूध उतू गेलं होतं.

त्यांनी लाल दाबलं. बटण दाबायला कसली ताकद लागते? पण आक्का घामाघूम झाल्या. अब्रू म्हणजे काय असते, ती अशी बोटाच्या टोकातून निघून जाते, आणि तिचा आवाज म्हणाल तर नुसता टिक.

दुसरा तुकडा. टिक. तिसरा. टिक. नव्वदाव्या तुकड्याला त्या थांबल्या आणि पाणी प्यायल्या. हे सगळं आपण बोललो? एका माणसाने, तीन महिन्यांत? आणि समोरचं माणूस अजून याच घरात राहतं? त्यांना सुनेचं नवल वाटू लागलं. आपण तिच्या जागी असतो तर पहिल्या आठवड्यात ते दूध भांड्यासकट खिडकीबाहेर गेलं असतं. सगळेच लाल नव्हते म्हणा. सुनेला ताप असताना ती कपडे धुवायला उठली, तेव्हा आक्कांनी छप्पर उडेल असा आवाज लावला होता. तो त्यांनी तीनदा ऐकला आणि हिरवाच ठेवला. समिती काय वाटेल ते म्हणो.

दहाव्या दिवशी बेरीज आली. आक्कांच्या एकोणीसशे बारांतले तेराशे तीन लाल. सूनबाईचे "हो आई" सहाशे अकरा. त्यातले तिने स्वतः लाल केलेले सहाशे चार.

आक्का आकड्याकडे बघतच राहिल्या.

"सहाशे चार? मी तर चारशेच धरले होते गं!"

सून खाली बघत होती. "हो आई."

"आणि उरलेले सात? ते तरी प्रेमाचे?"

"त्या सात वेळा तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलंच नव्हतं. नुसतं हो म्हटलं."

दोघी लॅपटॉपकडे बघू लागल्या, तो काहीतरी बोलेल म्हणून.

मशीन पुन्हा शिकलं. या वेळी उत्तर आलं एकाहत्तर टक्के. आक्कांना वाटलं, गेलं सगळं. पण गाईडबाई म्हणाली, खोट्या चौऱ्याण्णवापेक्षा खरे एकाहत्तर बरे. प्रबंध शेवटच्या दिवशी दाखल झाला आणि तोंडी परीक्षेसाठी बाहेरून परीक्षक बोलावले गेले.

परीक्षक बारीक आवाजाचे, इस्त्रीच्या कपड्यांचे. आवाज कधी चढायचा नाही. आक्का मागच्या रांगेत बसल्या होत्या, कारण पुढच्या रांगेचा त्यांना वीट आला होता. परीक्षकांनी पानं उलटली आणि स्मित केलं.

"मुख्य खुणा ज्यांनी केल्या, त्यांचं शिक्षण?"

"चौथी, सर," सूनबाई म्हणाली.

"चौथी." ते आणखी हसले. "आणि त्यांनी आपलं मत मध्येच पूर्ण बदललं. म्हणजे एक अडाणी बाई, जिला स्वतःचं मन धड ठाऊक नाही. तिच्या भरवशावर तुम्ही शास्त्र उभं करताय? हा सगळा भाग काढून टाका. सुशिक्षित माणसांकडून पुन्हा खुणा करून घ्या. सहा महिन्यांनी या."

मागे आक्का खुर्चीच्या कडेला सरकल्या. नोंदणीला सहा दिवसांचीसुद्धा वाढ मिळणार नव्हती, सहा महिने कुठले! पण ज्या जिभेने गावाला धारेवर धरलं ती ऐन वेळी टाळूला चिकटून बसली.

आणि मग ते घडलं.

"अडाणी?"

खिडकीची काच हलली. आक्कांना वाटलं, हा आवाज आपलाच. त्यांनी चाचपून पाहिलं, तर आपलं तोंड मिटलेलं होतं.

"अडाणी कोणाला म्हणता?" सूनबाई ओरडत होती. लोण्यासारखी सूनबाई! "या बाईने दहा दिवस बसून स्वतःचा आवाज एकोणीसशे वेळा ऐकलाय! आणि तेराशे वेळा लिहून दिलंय, की हो, मला राग आला होता, चूक माझी होती! घरातल्या सगळ्यांसमोर! तुमच्या त्या सुशिक्षित माणसांतला एक दाखवा मला, ज्याने एकदा, अहो एकदा तरी असं लिहून दिलंय! तुम्ही दिलंय?"

प्रमुखांनी खुर्ची मागे घेतली. फाईलकाकूंच्या मांडीवरून प्रती घसरल्या आणि जमिनीवर पसरल्या, आणि काकूंनी त्या उचलल्या नाहीत.

आक्का उठून उभ्या राहिल्या होत्या. "अगं, हळू," त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "मोठ्या माणसांशी बोलतेस. जरा हळू."

परीक्षकांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. मग त्यांनी आक्कांकडे पाहिलं. त्यांच्या बारीक आवाजात आता ती इस्त्री नव्हती.

"त्याच का तुम्ही?" ते म्हणाले. "मग सांगा. आत्ता हा जो आवाज ऐकला, तो काय होता? राग की प्रेम?"

सगळ्यांच्या माना आक्कांकडे वळल्या. आजवर कोणी काही विचारलं आणि आक्कांनी उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. मुलाला भूक किती, सुनेला थंडी वाजते का, शेजारणीच्या मनात काय, सगळ्यांच्या वतीने आक्काच सांगत. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग सुनेकडे पाहिलं. तिचा श्वास अजून खालीवर होत होता.

"मला काय विचारता, साहेब?" आक्का म्हणाल्या. "आवाज तिचा आहे. तिलाच विचारा."

परीक्षक सूनबाईकडे वळले. तिने तळहातांनी तोंड पुसलं, खांदे सरळ केले आणि स्पष्ट सांगितलं, "राग होता, सर. थोडा तुमच्यावर."

"आणि उरलेला?"

"तो घरचा आहे. तो घरी सांगेन."

परीक्षकांनी पेन उघडलं. किरकोळ दुरुस्त्या दोन, परिशिष्ट एक, शिफारस उत्तीर्ण. सही त्यांनी जरा घाईनेच केली, आणि योग्य त्या रेघेवर.

बाहेर ऊन होतं. फाईलकाकू प्रती गोळा करायला मागे राहिल्या. सूनबाई पायऱ्या उतरून रस्त्याला लागली आणि घरी पोचायची वाट न बघता बोलू लागली. ओट्यापासून सुरुवात केली. मग खिडकी, मग टॉवेल, मग दोघं हसत असताना कोणी आत आलं की हसू का थांबवावं लागतं ते. मोठ्याने, हातवारे करून, मागे वळून न बघता. लोक थांबून बघत होते. आक्का तिच्या मागून जवळजवळ धावत होत्या. मध्येच सूनबाईने एकदम थांबून विचारलं, "ऐकताय ना तुम्ही?"

"ऐकतेय," आक्का धापा टाकत म्हणाल्या. "तू बोल. सगळं बोल. फक्त जरा सावकाश चाल."